सेवाग्रामचा सल्ला आणि नॉर्वेचे मास्तर

मंडळी, सेवाग्रामला येणारे पाहुणे बापूकुटी बघतात, फोटो काढतात अन् परत जातात. पण गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिले ते याच वर्ध्याहून, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. २३ जुलै १९३९ चे ते छोटे पत्र इंग्रज सरकारने पुढे जाऊच दिले नाही. २४ डिसेंबर १९४० चे दुसरे, लांबलचक पत्रही अडवले.

त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्स पडले, तेव्हा सेवाग्रामहून त्यांनी 'हरिजन'मध्ये लिहिले, की हिटलरशाहीला हिटलरशाहीने हरवता येणार नाही. त्याआधी नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंनाही त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला होता. मार्टिन बूबर या ज्यू विचारवंताने जेरुसलेमहून त्याला कळकळीचे उत्तर लिहिले. मला विचाराल तर बूबरचे म्हणणे खरे होते. ज्याला माणूस म्हणूनच मोजत नाहीत, त्याच्या उपोषणाने कोणाला पाझर फुटणार?

म्हणून सल्ला अगदीच फोल होता काय? इथे मला नॉर्वेचे मास्तर आठवतात. (मास्तराला मास्तरच आठवणार, चालायचेच!)

फेब्रुवारी १९४२. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात, गादीवर त्यांचा हस्तक क्विसलिंग. त्याने फर्मान काढले की सर्व शिक्षकांनी नव्या सरकारी संघटनेत यायचे आणि मुलांना नाझी वळण लावायचे. देशात शिक्षक सुमारे १४,०००. त्यातल्या बहुसंख्यांनी एकाच मजकुराची पत्रे, पण प्रत्येकाने आपापल्या सहीने, सरकारला धाडली: हे आमच्याने होणार नाही. सामूहिक निवेदन नाही, मोर्चा नाही. प्रत्येकाचे नाव-गाव उघड! आमच्या पेशातली माणसे एका साध्या परिपत्रकाला किती भितात, हे मी जन्मभर पाहिले आहे, म्हणून ही सही मला फार मोठी वाटते.

सरकारने इंधन नसल्याचे निमित्त करून शाळाच बंद केल्या. तेव्हा पालकांच्या निषेधपत्रांचा ढीग पडला. मार्चमध्ये हजाराहून अधिक शिक्षक पकडले, छळछावणीत बर्फात रांगायला लावले. तरी नमले नाहीत, तेव्हा पाचशेच्या आसपास जणांना बोटीत कोंबून पार उत्तरेला किर्केनेसला हमालीस धाडले. पण संघटना काही उभी राहिली नाही. नोव्हेंबरपर्यंत ते घरी परतले.

नॉर्वेकरांना नाझी आपल्या रक्ताचे समजत, हे विसरता येत नाही. पोलंडमध्ये शिक्षकांना गोळ्या घातल्या गेल्या. खुद्द नॉर्वेतून त्याच नोव्हेंबरात ५०० हून अधिक ज्यू एका बोटीने आउशवित्झच्या वाटेला लावले. त्यांच्यातले अगदी थोडे वाचले.

अन् आपल्याकडे तेच १९४२! आमच्या आंजीहून आर्वीमार्गे पुढे गेले की आष्टी लागते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तिथल्या ठाण्यावर लोक गेले, गोळीबार झाला, गावकरी पडले, पोलीसही मारले गेले. सेवाग्रामच्या जिल्ह्यातच अहिंसा टिकली नाही, आणि बर्फातल्या मास्तरांनी ती टिकवली.

पुढे जीन शार्प नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने ऑस्लोत राहून या शिक्षकांची हकीकत गोळा केली. त्यांचे पहिले पुस्तक गांधीजींवर होते.