नगरसेवक नसलेल्या गावातून

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो असा : "आपल्या भागातील नगरसेवकांनी नागरी सोयी आणि बाजारपेठेसाठी केलेले कार्य." मी होकार दिला, घरी आलो आणि मग लक्षात आलं की उमरोळीला नगरसेवकच नाही. कधी नव्हताही. आपल्याकडे आहे ती ग्रामपंचायत. पालघरला नगर परिषद आहे. बोईसरसारखं एवढं मोठं कारखान्यांचं गाव, तेही अनेक दशकं ग्रामपंचायतीवरच चाललं. दोघांच्या मधलं आपलं स्टेशन, आणि आपण रीतसर खेडेगावात राहतो. सात मजल्यांच्या खेडेगावात, एवढाच काय तो फरक.

समितीला फोन करून विषय बदलून मागणार होतो. पण मग एका नगरसेविकेची आठवण झाली. आपल्या सोसायटीतली निम्मी घरं गोरेगाव, मालाड, कांदिवलीहून इथे आलेली. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नाव सांगावं लागणार नाही : मृणाल गोरे. आमच्या आईच्या तोंडी मात्र कायम "पाणीवाली बाई". त्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण तेव्हाचं गोरेगाव बरंचसं आजच्या उमरोळीसारखं होतं.

मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा, माहेरचं नाव मोहिले. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलात आणि समाजवादी चळवळीत उतरल्या. 1948 साली केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि दोघांनी गोरेगावात संसार मांडला. आज ज्यांनी ते स्टेशन पाहिलंय त्यांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा गोरेगाव मुंबई शहरात नव्हतं. 1950 साली महापालिकेची हद्द वाढली ती जोगेश्वरीपर्यंत. गोरेगावपासून दहिसरपर्यंतची गावं 1957 साली बृहन्मुंबईत आली. तोवर तिथे ग्रामपंचायत होती. भाडं परवडत नाही म्हणून शहरातून बाहेर पडलेली माणसं, अपुरं पाणी, चिखलाचे रस्ते, स्टेशनाबाहेर बाजार. ओळखीचं वाटतंय ना?

गोरे पतीपत्नींनी सुरुवात केली ती अगदी लहान कामांपासून. महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचं केंद्र, सफाई कामगारांचे प्रश्न. 1958 साली बंडू गोरे अकाली गेले. घरात लहान मुलगी. त्यांच्या नावाचं केशव गोरे स्मारक आजही गोरेगाव पश्चिमेला उभं आहे. आणि 1961 साली मृणालताई मुंबई महापालिकेत निवडून गेल्या.

तिथे त्यांनी धरला तो पाण्याचा प्रश्न. उपनगरं महापालिकेत घेतली खरी, कर सुरू झाले, पण नळ काही त्या वेगाने पोचले नाहीत. टेकडीवरच्या आणि झोपडपट्टीतल्या बायकांना तर "तुमची वस्ती अधिकृत नाही, म्हणून नळ नाही" हे उत्तर ठरलेलं. मृणालताईंचं म्हणणं साधं होतं : माणूस राहतोय ना तिथे, मग त्याला प्यायला पाणी लागणारच. सभागृहात प्रश्न विचारायचे आणि बाहेर बायकांचे हंडे घेऊन मोर्चा काढायचा, अशी त्यांची दुहेरी पद्धत. नुसता मोर्चा काढणारे पुष्कळ असतात आणि नुसते प्रश्न विचारणारेही. पण मोर्चातल्या बायकांनी सांगितलेलं सभागृहात नेमक्या शब्दांत मांडायचं आणि सभागृहात मिळालेलं उत्तर परत वस्तीत जाऊन सांगायचं, हे काम कंटाळवाणं असतं. ते त्यांनी वर्षानुवर्षं केलं. "पाणीवाली बाई" हे नाव त्यातून पडलं.

बाजाराचंही तसंच. 1972 चा दुष्काळ आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल : रेशनच्या रांगा, मिलो, रॉकेलसाठी वणवण. त्या वर्षी अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिलाताई दंडवते आणि मृणालताई अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरुद्ध एकत्र आल्या. थाळ्या आणि लाटणी वाजवत निघालेले ते मोर्चे मुंबईने आधी पाहिले नव्हते. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेत गेल्या. आणीबाणीत त्या आधी भूमिगत झाल्या, मग तुरुंगात गेल्या. 1977 मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या तेव्हा "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा घराघरात पोचली होती. खासदार, आमदार सगळं झालं, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते नळाचं काम.

सोसायटीच्या स्मरणिकेत आणखी एक सांगायलाच हवं. 1980 च्या दशकात मृणालताई, बाबुराव सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेतर्फे कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन सामान्यांच्या घरांसाठी मिळवण्याची लढाई दिली. त्यातून गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत सुमारे 6 हजार घरं उभी राहिली, तीही सहकारी सोसायट्यांची. 17 जुलै 2012 रोजी मृणालताई गेल्या त्या वसईत. तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यात होती. दोन वर्षांनी, 1 ऑगस्ट 2014 ला, पालघर जिल्हा झाला.

आता पाण्यावर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. गोरेगावच्या नळाला जे पाणी आलं ते आलं कुठून? वैतरणेवर मोडक सागर पुरा झाला 1957 साली, म्हणजे गोरेगाव मुंबईत आलं त्याच वर्षी. मध्य वैतरणा धरण तर थेट आपल्या जिल्ह्यात, मोखाड्यातल्या कोचाळे गावी, 2014 सालचं. आणि ज्या तालुक्यात ही धरणं, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरतात. सूर्या प्रकल्प झाला तो डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीच्या सिंचनासाठी. आता त्याच धामणीच्या पाण्यातून 403 दशलक्ष लिटर रोज नेण्याची योजना आहे, 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. त्या लोकांनाही तहान आहे, त्यांच्यावर राग नाही. आमचे नातेवाईकच राहतात तिथे. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही : जिथे महापालिका आहे, नगरसेवक आहेत, तिथे पाणी डोंगर ओलांडून जातं. जिथे ग्रामपंचायत आहे तिथे बोअरवेल आणि टँकर. आपल्या सोसायटीच्या पहिल्या वर्षांत टँकर आला की जिन्यातून कसा हाका मारल्या जायच्या ते जुन्या सभासदांना विचारा.

मग ग्रामपंचायत काहीच करत नाही का? तसं म्हणणं अन्याय होईल. दिवाबत्ती, गटार, कचरा, पाणीपट्टी, हे सगळं तिच्याच गळ्यात. सदस्य कमीत कमी 7 आणि जास्तीत जास्त 17. आता निम्म्या जागा बायकांच्या. 2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला, ही मोठीच गोष्ट. पण तो वाटला गेला 2011 च्या जनगणनेतल्या आकड्यावर. 2013 साली डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि इमारती उगवायला लागल्या त्या त्यानंतर. म्हणजे नवीन माणसं कचरा करतात, पाणी पितात, रस्त्यावर गाड्या लावतात, पण निधीच्या हिशेबात ती जन्मालाच आलेली नाहीत! ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन भांडण्याआधी हे समजून घ्यायला हवं, असं मला वाटतं. मीही पूर्वी न समजून घेताच भांडलो आहे.

बाजाराचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर आपल्या सर्वसाधारण सभेत दोनदा आवाज चढलेले आहेत. गाळेधारक म्हणतात, आम्ही भाडं भरतो, लाइटबिल भरतो आणि आमच्या दारातच टोपल्या. खरं आहे. पण स्टेशनच्या वाटेवर बसणाऱ्या त्या बायका कोण? पावसाच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कंटोली रानातून खुडून आणणाऱ्या, सातपाटीकडून सुका बोंबील, जवळा आणणाऱ्या, केळवे-माहीमकडच्या वाडीतली भाजी घेऊन येणाऱ्या. आपण इथे यायच्या आधीपासून त्या बसतात. शेवळांसोबत काकडाची फळं हवीतच, नाहीतर घसा खाजतो, हे आमच्या मंडळींना शिकवलं ते त्यांच्यातल्याच एका मावशीने. मॉलमध्ये हे कोण सांगणार?

पुण्याची एक जुनी हकिगत इथे आठवते. महात्मा फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर 1 हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. लाखो रुपये घालून भव्य मंडई बांधायचं ठरलं तेव्हाही त्यांचा विरोध होता : हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला. मंडई झालीच, 1886 साली उघडली आणि गव्हर्नर रे यांचं नाव तिला मिळालं. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं! जोतीराव असते तर हसले असते की चिडले असते, कोण जाणे. पण त्यांचा प्रश्न अजून ताजा आहे, बाजारावरचा पैसा नेमका कोणासाठी?

आपल्याकडे घुमट आणि मनोरा नको आहे. रस्ता सोडून बाजूला एक ओटा, वर पत्रा, एक नळ आणि बायकांसाठी एक स्वच्छतागृह. सकाळी सहाला पाड्यावरून निघालेली बाई दुपारपर्यंत कुठे जाते, हा प्रश्न आमच्या सभेत एकाही पुरुषाने विचारला नव्हता. विचारला तो बी विंगमधल्या एका आजींनी. सभा पाच मिनिटं गप्प होती. बाजार आणि त्याची फी हा ग्रामपंचायतीच्या अधिकारातला विषय आहे. तो ग्रामसभेत मांडता येतो.

आणि इथे आपली गोम आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. आपल्या सोसायटीतून किती जाऊ शकतात याची मी या लेखासाठी घरोघर चौकशी केली. घरपट्टी सगळे भरतात, नमुना 8 वर सगळ्यांची नावं आहेत. पण मतदारयादीत? बहुतेकांची नावं अजून गोरेगावात, मालाडात, भाईंदरला. "राहू दे ना तिकडे, रेशनकार्डही तिकडचंच आहे," हे उत्तर मला सहा घरांत मिळालं. सातवं घर माझं स्वतःचं होतं.

म्हणजे पाणीवाल्या बाईंच्या जुन्या मतदारसंघात आपण अजून मत देतो आणि पाणी भरतो उमरोळीत. मी आणि सौ.ने नाव बदलून घेण्यासाठी लागणारा नमुना 8 (हा निवडणुकीचा, घरपट्टीचा नव्हे, नाव एकच आहे म्हणून घोटाळा नको) भरला आहे. कोरे अर्ज सोसायटीच्या ऑफिसात ठेवले आहेत, रविवारी दहा ते बारा. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल आणावं.