बाळगोळी

पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईत पाळीवर जाण्याआधी गिरणीतली बाई तान्ह्याला अफूची बारीक गोळी चाटवायची. तिला बाळगोळी म्हणत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांच्या अहवालात, गिरणीकामगार बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते, असं नोंदवलं होतं. हा अहवाल १९२२चा. भुकेने रडणारं बाळ आणि पोट दुखून रडणारं बाळ, दोघांना गोळी एकच.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अमेरिकेत १८४९पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' हे मॉर्फिन घातलेलं औषध राजरोस विकलं जायचं. बाटलीवर मॉर्फिनचं नाव छापणं भाग पडलं ते १९०६च्या कायद्यानंतर. तोवर काही बाळं झोपली ती उठलीच नाहीत. आपल्या घराघरांत पोचलेलं ग्राइप वॉटर नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१मध्ये बनवलं. त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि चक्क अल्कोहोल! त्यामानाने सहाणेवर उगाळलेली आजीची मुरुडशेंग बरीच सोज्वळ. पोटातल्या पिळावर पिळाची शेंग, हा तर्क मात्र मला अजूनही गमतीचा वाटतो.

या रडण्याची मोजणी व्हायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९५४मध्ये मॉरिस वेसल यांनी कॉलिकची व्याख्या केली: एरवी निरोगी असलेलं बाळ दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर. १९६२मध्ये बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांकडून रडण्याच्या वेळा लिहून घेतल्या. सगळी बाळं धडधाकट, तरी रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या सुमारास पावणेतीन तासांवर जायचं आणि मग आपोआप उतरायचं.

म्हणजे सहाव्या आठवड्यात जे काही द्याल ते लागू पडल्यासारखं वाटणार. आमच्या धंद्यात बग आपसूक नाहीसा झाला की शेवटचा हात लावणाऱ्याला श्रेय मिळतं, तसंच. गुटीचा आणि ग्राइप वॉटरचा लौकिक बराचसा असाच झाला असावा. नेमकं कारण अजूनही सापडलेलं नाही. डॉक्टर सांगतात ते इतकंच: दुसरा आजार नाही ना ते बघा, बाळाला खांद्यावर घ्या, थकलात की दुसऱ्याच्या हाती द्या.

गिरणीतल्या बाईजवळ हा दुसरा हातच नव्हता. १९२९मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९३४च्या कारखाना कायद्यात कामगार बायकांच्या मुलांसाठी वेगळ्या खोलीची तरतूद आली. तिथे पाळणा हलवायला निदान कुणीतरी असणार होतं.