आयएनएस राजपूत : ४१ वर्षे समुद्रात राबलेली विनाशिका

विनाशिका म्हणजे विमान, पाणबुडी आणि शत्रूची जहाजं या तिघांशीही लढू शकणारी वेगवान युद्धनौका. सोव्हिएत रशियाकडून भारताने अशा पाच विनाशिका घेतल्या : राजपूत, राणा, रणजीत, रणवीर आणि रणविजय. त्यात पहिली राजपूत.

आज युक्रेनमध्ये असलेल्या निकोलायेव शहरातल्या गोदीत ती बांधली गेली. तिचं मूळ रशियन नाव 'नादेझ्नी', म्हणजे भरवशाची. ४ मे १९८० रोजी जॉर्जियातील पोती बंदरात ती भारतीय नौदलात दाखल झाली. तेव्हाचे भारताचे राजदूत आणि पुढे पंतप्रधान झालेले इंद्रकुमार गुजराल त्या समारंभाला होते. कॅप्टन गुलाब हिरानंदानी हे तिचे पहिले कमांडर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या 'गाझी' पाणबुडीच्या प्रकरणात जिचं नाव येतं, ती राजपूत वेगळी. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, ब्रिटिश बनावटीची होती. नाव तेवढं पुढे चालू राहिलं.

नवी राजपूत जून १९८८ पर्यंत मुंबईत पश्चिमी ताफ्यात होती, नंतर विशाखापट्टणमला पूर्व ताफ्यात गेली. श्रीलंकेत शांतिसेना असताना तिने तिथल्या किनाऱ्यावर गस्त घातली. १९८८ मध्ये मालदीवमधल्या ओलीस प्रकरणातही ती कामाला आली.

जहाज जुनं झालं म्हणून ते लगेच भंगारात काढलं नाही. जुने क्षेपणास्त्र-लाँचर काढून तिच्यावर ब्राह्मोसचे लाँचर बसवले. २००३ मध्ये ब्राह्मोसची जहाजावरची चाचणी बंगालच्या उपसागरात तिच्यावरूनच झाली. पुढे इतर युद्धनौकांवर ब्राह्मोस बसला, पण आधी पारखला गेला तो राजपूतवर.

४१ वर्षांत ३१ कमांडर झाले. ती ७ लाख ८७ हजार १९४ सागरी मैल चालली, म्हणजे साधारण साडेचौदा लाख किलोमीटर. पृथ्वीला छत्तीस फेऱ्या घालूनही वर उरेल एवढं हे अंतर आहे.

२१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणमला तिची सेवा संपली. कोरोनामुळे मोठा कार्यक्रम झाला नाही. सूर्यास्ताला मोजक्या अधिकारी-जवानांसमोर तिच्यावरचा नौदलाचा ध्वज शेवटचा उतरवला गेला.