आसूड

आसूड (लेखनभेद : असूड) म्हणजे मुठीला बांधलेल्या, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या चामड्याचे किंवा पिळलेल्या दोरीचे, जनावरे हाकण्याचे साधन होय. चाबूक आणि कोरडा हे त्याचे समानार्थी शब्द आहेत. शिक्षा, आत्मक्लेश आणि कठोर टीका यांच्याशीही हा शब्द मराठीत जोडला गेला आहे.

आवाज

आसुडाला दिलेला झटका निमुळत्या टोकापर्यंत पोहोचेतो त्याचा वेग वाढत जातो व ध्वनीच्या वेगापेक्षा (हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर) अधिक होतो. त्यामुळे जनावराच्या अंगाला न लागताही आसूड कडाडतो.

रूढी आणि कायदा

खानदेशात श्रावण अमावास्येला येणाऱ्या पोळ्याच्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. त्या दिवशी आसूडही विसावतो. प्राण्यांना मारहाण करून अनावश्यक वेदना देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. मरीआईचा उपासक पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडे ओढून दान मागतो. ब्रिटिश काळापासून चालत आलेली फटक्यांची न्यायालयीन शिक्षा भारतात १९५५ च्या अधिनियमाने रद्द झाली.

साहित्य

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. कर्ज, सारा, अज्ञान, तसेच भटशाही व नोकरशाहीकडून होणारी लूट यांमुळे शेतकरी कसा नागवला गेला, याचे विवेचन त्यात आहे. एरवी शेतकऱ्याच्या हाती बैलांसाठी असणारा आसूड येथे त्याला नाडणाऱ्या व्यवस्थेवर उगारला आहे. ‘ढोंगावर आसूड ओढणे’, ‘शब्दांचे आसूड’ हे प्रयोगही याच अर्थाने रूढ आहेत.

वैद्यकीय अर्थ

वाहनाला मागून धडक बसल्यास मान आसुडासारखी झटक्याने मागे-पुढे हेलकावते. त्यातून मानेचे स्नायू व अस्थिबंध यांना होणाऱ्या दुखापतीस ‘व्हिपलॅश’, म्हणजे शब्दशः आसुडाचा फटका, असे म्हणतात. वेदना काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकते. हातापायांना मुंग्या येणे किंवा अशक्तपणा जाणवणे ही तातडीने वैद्यकीय तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत. आसनावरील डोक्याचा आधार योग्य उंचीवर ठेवल्यास ही दुखापत होण्याचा धोका कमी होतो.