तसू, सूत आणि काटकोन

अमुक पक्ष आपल्या भूमिकेवरून तसूभरही हटणार नाही, असं वर्तमानपत्रात आलं की आमचे वडील हसत. ते सुतार. त्यांच्या हिशेबात तसू म्हणजे एक इंच एक सूत. ‘एवढं हटलं तर दार लागायचं नाही,’ म्हणत.

हिशेब बरोबर होता. मुंबई इलाख्याच्या जुन्या कोष्टकात १६ तसूंचा हात आणि २४ तसूंचा गज. हात १८ इंचांचा, गज २७ इंचांचा. म्हणजे तसू सव्वा इंचाला एक सूत कमी, आजच्या मापात साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या जरा वर. सूत हा इंचाचा आठवा भाग. इंच परका, पण सूत घरचं. सुतार या शब्दातच ते आहे, सूत्र धरणारा तो सुतार.

पण हा २७ इंचांचा गज घेऊन कुणी बंगालात गेला असता, तर तिथे गज ३६ इंचांचा. अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा. उत्तरेत इंग्रजांनी तो ३३ इंचांचा धरून जमिनी मोजल्या. गज कोणता हे सुतार ठरवत नसे. सारा वसूल करणारा ठरवी, आणि लाकडाचा व्यापारी त्याच्या मागून जाई. स्वतंत्र भारतात १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने आली. वडिलांनी ती कबूल केली, पण अर्धीच. प्लायवूडचा ताव अजूनही आठ बाय चारचा, जाडी अठरा एमएम, आणि कापताना तोंडात ‘दोन सूत सोड’. तिन्ही राज्यं एकाच फळीवर सुखाने नांदतात. खुद्द इंचही १९५९पर्यंत एक नव्हता. अमेरिकेचा आणि ब्रिटनचा इंच किंचित वेगळे होते; इतके किंचित, की सुताराच्या डोळ्याला ते कधी दिसले नसते. मग करार होऊन तो नेमका २५.४ मिलिमीटर झाला.

लांबीचं हे असं. दोघांनी आधी एकमेकांशी जमवून घ्यावं लागतं, आणि जमत नसेल तर वरून कुणीतरी जमवून देतो. (आमच्या धंद्यात लांबीचा दुसरा अर्थ फटीत भरायचा लगदा. तो वडिलांना मुळीच आवडत नसे.)

काटकोनाचं तसं नाही. खंडेनवमीला हत्यारं पुजायच्या आधी वडील लाकडी गुण्या तपासत. पावसाळ्यात सागवानसुद्धा थोडं हलतंच. सरळ रंधलेल्या फळीच्या कडेला गुण्या टेकवून एक रेघ मारायची. मग गुण्या पालथा करून, त्याच कडेला टेकवून, त्याच बिंदूतून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक बसल्या तर काटकोन खरा. फाकल्या, तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी चूक. म्हणजे चूक लपत तर नाहीच, दुप्पट होऊन समोर येते. याला दुसरा गुण्या लागत नाही, सरकारी शिक्का लागत नाही, अंशही लागत नाहीत.

पंचेचाळीस अंशही असेच मिळतात. काटकोनाच्या दोन्ही बाजूंवर सारखं माप घ्यायचं आणि टोकं जोडायची. माप तसूचं असो की सेंटिमीटरचं, कोन तोच. १८७९ साली अमेरिकेत लेरॉय स्टॅरेट यांनी कॉम्बिनेशन स्क्वेअरचं पेटंट घेतलं. पट्टीवर सरकणारं डोकं, त्याची एक बाजू काटकोनाची, दुसरी ४५ अंशांची. सुंदर हत्यार, पण तेही पडलं-आपटलं की तपासावंच लागतं, आणि तपासायची रीत हीच, उलटं करून.

हे सगळं मला ठाऊक होतं, तरी वडील गेल्यावर त्यांच्या फोटोची चौकट मी मशीनवर कापली. टेबल सॉच्या खाचेत सरकणारा मायटर गेज, त्यावर अंश छापलेले, काटा पंचेचाळीसवर. तीन कोपरे फेव्हिकॉल लावून छान जुळले. चौथ्यात फट. दोन इंची पट्टीत बाहेरच्या टोकाला जवळजवळ दीड सूत. चौकटीला आठ काप असतात. प्रत्येक अर्ध्या अंशाने चुकला की शेवटच्या कोपऱ्यात चार अंश साठतात. पहिले तीन कोपरे दाबून जुळवताना सगळी चूक मीच चौथ्यात ढकलली होती. आई म्हणाली, ‘भर काहीतरी, दिसणार नाही.’ लांबी भरता आली असती.

वडिलांचा गुण्या काढला. चार वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. फळी रंधली, रेघ मारली, पालथा केला. रेघा फाकल्या. आठ इंचांवर एक सूत, म्हणजे गुण्या अर्धं सूत बाहेर. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. त्यांचं हत्यारही त्याच परीक्षेत सापडलं, जी ते दर वर्षी घेत. आतली कड थोडी थोडी रंधून, चार वेळा पालथा करून, रेघा एकीवर आणल्या.

मग त्या गुण्यावर दोन्ही बाजूंना चार-चार तसू घेतले, मुद्दाम तसूच, आणि तिरकी रेघ फळीवर उतरवली. मशीनचा गेज त्या रेघेला जुळवला, तेव्हा काटा छापलेल्या पंचेचाळीसच्या जरा अलीकडे थांबला. तिथे मी खिळ्याने एक ओरखडा काढून ठेवला आहे.