खूरधारी जनावरे : खुरांवरून ओळखा गट, आहार आणि रोग

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, वराह, घोडा आणि गाढव ही सर्व खूर असलेली सस्तन जनावरे आहेत. मात्र त्यांचे खूर, पचनसंस्था आणि होणारे रोग सारखे नसतात. एकाच गोठ्यात किंवा वस्तीवर वेगवेगळी जनावरे असतील, तर हा फरक माहीत असणे गरजेचे आहे.

खूर म्हणजे काय?

खूर हे बोटाच्या टोकावरील कठीण आवरण आहे. आपली नखे ज्या केराटिनपासून बनतात, त्यापासूनच खूर बनतात. ही जनावरे बोटांच्या टोकावर चालतात. कुत्रा आणि मांजर तळपायाच्या गादीवर चालतात. त्यांना खुरांऐवजी नख्या असतात.

दोन मुख्य गट

- दुभंगलेले खूर : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, वराह, हरीण, नीलगाय, गवा. शरीराचा भार दोन बोटांवर असतो.
- एकसंध खूर : घोडा, गाढव, खेचर. भार एकाच बोटावर असतो.

म्हणूनच घोड्याच्या खुराला एक अर्धगोल नाल लागते, तर बैलाच्या खुराच्या दोन भागांना दोन वेगळ्या पत्र्या मारतात.

पचनातील फरक

गाय, म्हैस, शेळी व मेंढी रवंथ करतात. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. सर्वांत मोठ्या कोटीपोटात सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू पचवतात. या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. वराहाचे खूर दुभंगलेले असले तरी तो रवंथ करत नाही. घोड्याच्या पोटाला एकच कप्पा असतो आणि तंतूंचे पचन मोठ्या आतड्यात होते.

त्यामुळे युरिया प्रक्रिया केलेला चारा रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांनाच द्यावा. सहा महिन्यांखालील वासरे, घोडे, गाढवे व वराहांना तो देऊ नये. मोनेन्सिन मिसळलेले खाद्य घोड्यांना प्राणघातक ठरते.

रोगांतील फरक

लाळ्या खुरकूत हा विषाणूजन्य रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो. तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडते. घोड्या-गाढवांना हा रोग होत नाही; पण त्यांच्या पायांना लागलेल्या चिखल-शेणातून विषाणू दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतो. म्हणून साथीच्या काळात त्यांचीही ये-जा थांबवावी.

वासरांना चौथ्या महिन्यात पहिली लस, एक महिन्याने बूस्टर आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी लस द्यावी. गुरांचा कर्दनकाळ ठरलेली बुळकांडी लसीकरण व देखरेखीमुळेच 2011 मध्ये जगातून हद्दपार झाली.

खुरांची निगा

- गोठा कोरडा ठेवावा. शेण-मुताच्या ओलीने खूर मऊ पडून कुजतात.
- बांधून ठेवलेल्या जनावरांचे खूर झिजत नाहीत. वाढलेले खूर जाणकाराकडून कापून घ्यावेत.
- गाई-म्हशींचे पाय 5 टक्के मोरचुदाच्या द्रावणात (1 लिटर पाण्यात 50 ग्रॅम) बुडवावेत. मेंढ्यांना तांब्याची विषबाधा लवकर होते. हे द्रावण त्यांच्या तोंडी लागू देऊ नये.

लंगडणे आणि लाळ गळणे एकाच वेळी दिसल्यास जनावर लगेच वेगळे बांधावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.