फौज रंगवणारे हात

युद्धखेळातले शंभर चिमुकले ऑर्क (काल्पनिक दुनियेतले हिरव्या कातडीचे योद्धे) रंगवायला घेतलेला माणूस आधी ते सगळे टेबलावर रांगेत मांडतो. मग सगळ्यांची कातडी हिरवी करतो, त्यानंतर सगळ्यांचे पट्टे, शेवटी सगळ्यांची हत्यारं. एका वेळी एकच रंग. छंद म्हणून रंगवणाऱ्यांची ही शिस्त मुळात पोटासाठी रंगवणाऱ्यांकडून आलेली आहे.

18व्या शतकात जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट कथलाचे चपटे शिपाई ओतत असे. त्याने 1777 साली ओतलेली फ्रेडरिक द ग्रेटची प्रतिमा आजही संग्राहकांच्या बोलण्यात असते. पुढे 1839 मध्ये त्याच शहरात एर्न्स्ट हाइनरिक्सनने आपला कारखाना काढला आणि चिमुकल्या शिपायांच्या पलटणी युरोपभर जाऊ लागल्या. ओतकाम कारखान्यात होई, रंगकाम मात्र घरोघरी जाई. बायका आणि मुलं स्वयंपाकघराच्या टेबलावर नगावर मजुरी घेऊन ते करत. नगावर मजुरी म्हटली की कुंचला धुण्यात गेलेला वेळ आपल्याच पदरचा. म्हणून एक रंग उचलला की तो साऱ्या पलटणीला लावून मगच खाली ठेवायचा. या हातांची नावं संग्रहालयातल्या पाट्यांवर सहसा दिसत नाहीत. मला ही या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिपाई ओतण्याची रीत आणली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर गोठला की आतलं उरलेलं परत काढून घ्यायचं. शिसं कमी लागलं, किंमत उतरली आणि जर्मन मालाला टक्कर देता आली. रंगवणाऱ्या इथेही बहुतेक बायकाच होत्या. रंग सपाट आणि चकचकीत असत, त्यात सावल्या नसत. एच. जी. वेल्सने 1913 साली ‘लिटल वॉर्स’मध्ये जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम लिहिले, तेव्हा खेळणाऱ्याला शिपाई दुकानातून रंगवलेलेच मिळत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटलं. एअरफिक्सने 1959 पासून प्लास्टिकचे इवलेसे शिपाई पेटीतून विकले, तेही बिनरंगाचे. युद्धखेळांसाठी धातूच्या प्रतिमा ओतणारे छोटे कारखानेही तसाच कोरा माल देऊ लागले. मजुरीचं काम गिऱ्हाइकाच्या घरी आलं आणि मजूर तोच झाला.

काल्पनिक दुनियेतले योद्धे आले तेव्हा सुरुवातीला हा भार हलका होता. 1974 मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात एका खेळाडूला एक पात्र पुरे. पण 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ हा फौजांचा खेळ आला आणि रांगाच्या रांगा लागू लागल्या. त्याच दशकात ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात पट्टीच्या रंगकारांची कामं छापून येत होती. कडांवर उजळ रेघा, थरावर थर, एकेका प्रतिमेवर कित्येक तास. नमुना एका प्रतिमेचा आणि गरज शंभरांची, अशी ही ओढाताण होती. पुढच्या साऱ्या युक्त्या मला या कात्रीतूनच निघालेल्या दिसतात.

त्यातली सर्वांत धीट युक्ती लाकडाच्या दुकानातून आली. फर्निचरला लावायचं तपकिरी रंगछटेचं पॉलियुरेथेन व्हार्निश घ्यायचं, सपाट रंग दिलेली प्रतिमा पकडीत धरून त्यात बुडवायची आणि जादा द्रव झटकून टाकायचा. खाचांत द्रव साठतो, उंचवट्यांवरून ओसरतो. सावल्या आपसूक पडतात. वाळलं की चकाकी मारायला वर मॅट फवारा द्यायचा. पुष्कळ कसबी रंगकारांनी याला नाकं मुरडली. मला मात्र यात खरी बुद्धी दिसते, कारण हाताचं काम इथे गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण यांच्याकडे सोपवलं आहे. 2007 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘द आर्मी पेंटर’ कंपनीने याच कल्पनेचा डबा करून विकला.

2019 मध्ये ‘वॉरहॅमर’वाल्या गेम्स वर्कशॉप कंपनीने ‘कॉन्ट्रास्ट’ रंग आणले. फिकट अस्तरावर एकच हात द्यायचा. मूळ रंग आणि सावली एकदमच येतात. त्यावर खेळाडूंनी स्वतःची भर घातली. आधी काळं अस्तर, त्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर राखाडी आणि पांढरा घासायचा आणि शेवटी वरून हा पारदर्शक रंग. यालाच आज ‘स्लॅपचॉप’ म्हणतात. नाव नवं असलं तरी करड्या छटांत आकार उभा करून त्यावर पातळ पारदर्शक रंग चढवण्याची ही रीत युरोपातले तैलचित्रकार शतकानुशतकं वापरत आले आहेत.

या रंगांची मर्यादाही त्यांच्या वाहण्यातच आहे. केस, लोकर, साखळी-चिलखत अशा खडबडीत जागी ते सुरेख बसतात. ढालीच्या सपाट पृष्ठभागावर किंवा मोठ्या झग्यावर त्यांचे डाग पडतात. तिथे जुना घट्ट रंगच हवा. शिवाय फौज पाहिली जाते ती टेबलाच्या पलीकडून, दोन-तीन फुटांवरून. तेवढ्या अंतरावरून पट्ट्याचं बक्कल कुणाला दिसत नाही. नजर जाते ती चेहऱ्यांकडे, निशाणाकडे आणि पायाखालच्या मातीकडे. म्हणून मागच्या रांगा एका हातात उरकाव्यात आणि वाचलेला सगळा वेळ निशाणदार, सेनापती आणि पुढच्या रांगेतल्या चेहऱ्यांना द्यावा.